सोसायटीच्या लॉनला पावसाचा सेन्सर: प्रकल्प नोंदी

४ मार्च

उद्यान समितीने कामाला मान्यता दिली, म्हणून आजपासून नोंदी.

सोसायटी पुण्यात बाणेरच्या बाजूला. लॉन साधारण ९०० चौरस मीटर. निम्मं पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर टाकलेल्या दीड फूट मातीत. उरलेलं क्लब हाउसच्या मागे, खऱ्या जमिनीवर. झोन, म्हणजे एकेका व्हॉल्व्हवर चालणारे फवाऱ्यांचे गट, चार. पोडियमवर छोटे पॉप-अप फवारे, खाली गोल फिरणारे रोटर. पाणी एसटीपीतून, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून, प्रक्रिया होऊन येणारं. तेच फ्लशिंगलाही जातं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये टाकी तळाला लागते आणि वरून टँकर मागवावा लागतो. कंट्रोलरला आमच्याकडे सगळे पेटीच म्हणतात. ती रोज पहाटे ५ वाजता एकेक झोन चालवते.

अडचण दोन टोकांची आहे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव झोडपून जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चिंब गवतावर पुन्हा फवारे सुरू. पोडियमची माती अशी सलग ओली राहिली की खाली पार्किंगच्या छताला ओल येते, दोन-तीन ठिकाणी तर थेट गाड्यांवर थेंब पडतात. दुसरं टोक पावसाळ्यातलं. मृग लागला की माळीकाका पेटी बंद करतात ती दसऱ्यालाच उघडतात. मधे ऑगस्टात आठ-दहा दिवस उघडीप पडली की पोडियमचं गवत पिवळं पडतं, आणि पावसाळ्यात लॉन वाळेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

मूळ एकच: पेटीला घड्याळ कळतं, पाऊस कळत नाही.

११ मार्च

सेन्सर घेण्याआधी फवारे नेमकं किती पाणी देतात हे कळायला हवं. सारख्या मापाचे, सरळ भिंतींचे पत्र्याचे डबे लॉनवर ठरावीक अंतराने मांडले, प्रत्येक झोन १५ मिनिटं चालवला आणि डब्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली.

पोडियमच्या पॉप-अपखाली सरासरी १० मि.मी. जमले. रोटरखाली जेमतेम ३ मि.मी. आणि पेटीत चारही झोनना सरसकट २० मिनिटं लावलेली! म्हणजे जिथे माती उथळ आणि खाली स्लॅब, तिथे दिवसाला १३ मि.मी.; जिथे मुळांना खोल जायला वाव आहे, तिथे ४.

पुण्यात भर उन्हाळ्यात लॉनमधून, मातीची वाफ आणि पात्यांतून जाणारं पाणी धरून, रोज ६ ते ८ मि.मी. पाणी उडतं. ६ मि.मी. हे लक्ष्य ठरवलं. एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाणी म्हणजे बरोबर १ लिटर, त्यामुळे ९०० मीटरला ६ मि.मी. म्हणजे ५,४०० लिटर, १० हजार लिटरच्या टँकरचा निम्म्याहून जास्त भाग. पाऊस झाल्यावर टाळलेली प्रत्येक पहाट तेवढं पाणी वाचवते. समितीच्या बैठकीत टक्केवारी सांगून कोणी हललं नव्हतं. अर्धा टँकर म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

पेटीत नवीन वेळा टाकल्या: पोडियम ९ मिनिटं, खालचं लॉन ३० मिनिटं. सेन्सर येण्याआधीच हे काम महत्त्वाचं होतं. चुकीच्या वेळेवर चालणाऱ्या पेटीला सेन्सर लावला तर चूक फक्त पावसाच्या दिवशी थांबते.

२० मार्च

कोणता सेन्सर, यावर बराच वेळ गेला.

एक प्रकार उघड्या वाटीचा. वाटीत पाणी साचलं की तळाच्या दोन टोकांमधून वीज वाहते किंवा वजनाने खटका पडतो. दिसायला सोपा, पण आमच्याकडे गुलमोहर आणि कबुतरं दोन्ही भरपूर; आठवड्यात वाटी भरून जाईल. दुसरा झुलत्या चमच्याचा: ठरावीक पाऊस साचला की चमचा कलंडतो आणि एक टिचकी मोजली जाते. स्वयंचलित हवामान केंद्रांमध्ये सहसा हाच असतो. अचूक आहे, पण टिचक्या मोजणारा कंट्रोलर लागतो, आमची पेटी जुनी. तिसरा चकत्यांचा: जाळीदार टोपीखाली ओलावा शोषणाऱ्या चकत्यांची चळत, पाऊस पडला की त्या फुगतात आणि वरचा दांडा ढकलून आतला स्विच उघडतात, म्हणजे वीज तोडतात. वाळल्या की आकसतात, स्विच मिटतो, पेटी पूर्ववत.

चकत्यांचाच घेतला. त्याला बॅटरी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तो मातीसारखा वागतो: भिजायला वेळ घेतो, वाळायलाही घेतो. टोपी फिरवून ३, ६, १२, १९ किंवा २५ मि.मी. अशी पातळी ठरवता येते.

इंटरनेटवरून हवामान बघून पाणी ठरवणारा कंट्रोलर घ्यावा, असंही एका सदस्याचं म्हणणं होतं. वळवाच्या पावसाला ते पटत नाही. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव ही हवामान खात्याची केंद्रं एकाच शहरात आहेत, तरी मेमधल्या एकाच संध्याकाळी त्यांचे आकडे कुठच्या कुठे असतात. लोहगावला गारा आणि बाणेरला धूळ, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या लॉनवर पडलेला पाऊस आमच्या लॉनवरच मोजायला हवा.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात तर १ मे १९९१ नंतर बसवलेल्या प्रत्येक स्वयंचलित फवारा यंत्रणेला पावसाचा सेन्सर लावणं कायद्यानेच बंधनकारक झालं. तिथेही उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस आणि पहाटे फवारे, हीच गत होती. आपल्याकडे पोडियम लॉनवाल्या सोसायट्या इतक्या झाल्या आहेत की हा छोटासा भाग बिल्डरनेच पहिल्या दिवशी लावून द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

२ एप्रिल

जागा. सेन्सर कितीही चांगला असो, जागा चुकली की सगळं फुकट.

पहिला विचार अकराव्या मजल्यावरच्या टेरेसचा होता, वर आकाश मोकळं म्हणून. तो सोडला. तिथे वारा आणि ऊन इतकं की चकत्या खालच्या लॉनच्या कितीतरी आधी वाळतील. शिवाय वळीव विजांसकट येतो. इमारतीच्या सर्वांत उंच टोकापासून पेटीपर्यंत तांब्याची लांबलचक वायर आणणं योग्य नाही.

दुसरी जागा इलेक्ट्रिशियनने सुचवली, पेटीच्या डोक्यावरची पूर्वेची भिंत. वायर दोन मीटरमध्ये भागली असती. पण आपला मोसमी पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो. जुलैत त्या भिंतीचा खालचा भाग कोरडा असतो, प्लॅस्टरवर डाग बघितले की कळतं.

शेवटी क्लब हाउसच्या पश्चिम कठड्याचं टोक नक्की केलं. वर छज्जा नाही, झाड नाही, एसीच्या पाण्याचा पाइप नाही. रोटरचा फवारा तिथवर पोचत नाही, हे तो झोन चालवून खात्री केली. स्वतःच्याच फवाऱ्याने भिजणारा सेन्सर पेटीला कायमची फसवतो. दुपारी तिथे सावली येते, पोडियमवर जशी इमारतीची सावली येते साधारण तशीच. लॉन आणि सेन्सर एकाच वेगाने वाळायला हवेत.

शेजारी साधा प्लॅस्टिकचा पर्जन्यमापकही ठोकला. सेन्सर खरं बोलतोय का, ते हा सांगेल.

६ एप्रिल

जोडणीचा दिवस, आणि हाच सगळ्यात नाजूक.

नवीन कंट्रोलरमध्ये सेन्सरसाठी दोन टर्मिनल असतात, त्यांच्यामधली पट्टी काढायची आणि सेन्सरच्या दोन वायर तिथे लावायच्या, संपलं. आमच्या पेटीत ती सोय नाही. मग सेन्सर कॉमन वायरमध्ये ओळीने घ्यावा लागतो. चारही सोलेनॉइड व्हॉल्व्हना, म्हणजे वीज मिळाली की उघडणाऱ्या व्हॉल्व्हना, पेटीतून २४ व्होल्ट एसी जातं. प्रत्येकाची एक वायर वेगळी आणि परतीची कॉमन सगळ्यांची मिळून एक. ती कॉमन सेन्सरमधून फिरवली की पाऊस पडल्यावर सर्किट तुटतं, व्हॉल्व्हला वीजच मिळत नाही, तो बंदच राहतो.

अडचण पंपाची. पंप सुरू करणाऱ्या रिलेलाही पेटीतूनच २४ व्होल्ट जातं, पण त्याची कॉमन मूळ कंत्राटदाराने वेगळी आणलेली होती. सेन्सर फक्त व्हॉल्व्हच्या कॉमनमध्ये घातला असता तर पावसाच्या पहाटे चारही व्हॉल्व्ह बंद आणि पंप मात्र चालू. पाणी पुढे सरकत नाही, पंपातच घुसळत गरम होतं, सील जातं. म्हणून आधी दोन्ही कॉमन एकत्र बांधल्या आणि मग एकच वायर सेन्सरमधून पेटीकडे नेली. आता सेन्सर उघडला की व्हॉल्व्ह आणि पंप एकदमच थांबतात. जुन्या पेटीवर हे काम करणाऱ्या प्रत्येकाने पंपाची कॉमन शोधून काढावी, मगच पुढे जावं.

इलेक्ट्रिशियनने एका टप्प्यावर सेन्सर थेट पंपाच्या २३० व्होल्टच्या लाइनमध्ये घालायचं सुचवलं, काम लवकर होईल म्हणून. नाही म्हटलं. आमच्या सेन्सरचा स्विच कमी दाबाच्या वीजेसाठीच बनवलेला आहे, आणि ही वस्तू पावसात भिजण्यासाठीच लावलेली आहे.

वायर वेगळ्या काळ्या कंड्युटमधून आणली, दिव्यांच्या लाइनपासून लांब. सांधे जेलच्या वॉटरप्रूफ कनेक्टरमध्ये. पेटीशेजारी सेन्सरला वगळून पाणी देता येईल असा दोन स्थितींचा बायपास स्विच बसवला, कारण खत टाकल्यावर कधी ओल्या दिवशीही हलकं पाणी द्यावं लागतं.

७ एप्रिल

तपासणी. पोडियमचा झोन चालू केला, काकांना कठड्यावर पाठवून दांडा बोटाने दाबायला सांगितला. फवारे लगेच खाली बसले, पंपही थांबला. सोडल्यावर पुन्हा सुरू.

एक गोष्ट सगळ्यांना सांगायला हवी: सेन्सरने अडवलेलं असलं तरी जुन्या पेटीच्या पडद्यावर "झोन २ चालू" असंच दिसतं, कारण पेटीला तार तुटल्याचं कळतच नाही. रात्रपाळीच्या वॉचमनला ते बघून बिघाड वाटेल. पेटीच्या दारावर आतून मराठीत चिठ्ठी चिकटवली.

पातळी ६ मि.मी. ठेवली. हवामान खातं २४ तासांत २.५ मि.मी. किंवा त्याहून जास्त पडला तरच त्याला पावसाचा दिवस धरतं. पण तेवढ्याने फक्त पाती आणि वरची माती ओली होते, मुळांपर्यंत फारसं काही जात नाही. एका पहाटेला जेवढं आपण देतो तेवढं आभाळाने दिलं तरच पाळी चुकवायची, असा हिशेब.

२३ एप्रिल

पहिला वळीव! काल चार वाजता आभाळ भरून आलं, वावटळ, मग तासभर धो धो. पर्जन्यमापकात १४ मि.मी.

आज पहाटे पावणेपाचला खाली जाऊन उभी राहिले. पाच वाजता पेटीचा पडदा उजळला, झोन १, झोन २, आणि लॉनवर काहीच नाही. फक्त मातीचा वास. काकाही आले होते. म्हणाले, "ताई, हिला आता अक्कल आली."

२६ एप्रिल

पण परवा पहाटे फवारे पुन्हा सुरू झाले. १४ मि.मी. म्हणजे दोन दिवसांची बेगमी. एकच दिवस सुटला. कारण उघड आहे: एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की चकत्या चार-पाच तासांत वाळतात, माती इतक्या लवकर वाळत नाही.

टोपीच्या बुडाशी हवा जाण्याची भोकं झाकणारी कडी असते. ती पूर्ण उघडी होती. अर्ध्याहून जास्त मिटवली. आता चकत्या हळू वाळतील. ही कडी बहुतेक ठिकाणी कोणी हातही लावत नाही. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात सेन्सरची खरी बचत तिच्यावरच ठरते.

१५ मे

संध्याकाळी १७ मि.मी. दोन पहाटा फवारे बंद, तिसऱ्या दिवशी सुरू. कडी आहे तिथेच ठेवायची. पार्किंगच्या छताची ओल यंदा अजून दिसलेली नाही.

मधे एका रहिवाशाने भर पावसात चालू फवाऱ्यांचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि सेन्सर बिघडला का विचारलं. उत्तर असं: खतानंतरची संध्याकाळची पाळी चालू असताना पाऊस आला होता. चकत्यांना फुगायला काही मिनिटं लागतात आणि ६ मि.मी. पडल्याशिवाय त्या स्विच उघडत नाहीत. हा सेन्सर पावसाचा पहिला थेंब पकडण्यासाठी नाहीच, पुरेसा पाऊस झाला का हे बघण्यासाठी आहे.

९ जून

मृग लागला. काका नेहमीप्रमाणे पेटी बंद करायला आले.

"काका, यंदा चालूच राहू द्या."

"अहो ताई, पावसाळ्यात पाणी कुणी देतं का?"

"पाऊस असेल तेव्हा सेन्सर देऊच देणार नाही. उघडीप पडली तर देईल."

काका पुरंदरकडचे, आयुष्य शेतीत गेलेलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, आर्द्रा कोरडी गेली तर उपयोग होईल. फक्त एक अट घातली: आठवड्यातून एकदा ते स्वतः दांडा दाबून बघणार. ही अट उत्तमच आहे, नोंदवहीत कायमची घातली.

पावसाळ्यापुरत्या वेळा निम्म्यावर आणल्या. ढगाळ हवेत लॉनला ३-४ मि.मी. पुरतं.

१८ जुलै

सेन्सरचा स्विच तीन आठवडे उघडाच आहे, म्हणजे फवारे बंद. रोजची भुरभुर, हवेत दमट गारवा, चकत्यांना वाळायला संधीच नाही. लॉनला तेच हवंय. सततच्या ओलीत गवताच्या बुडाशी बुरशीचे तपकिरी चट्टे पडतात, वरून फवारे मारले की ते आणखी पसरतात.

मात्र एक जागा सुटली होती. लॉबीच्या पोर्चखालच्या कुंड्या आणि बाल्कनीखालचा वाफा ठिबकवर आहेत, आणि ठिबकचा व्हॉल्व्ह पोडियमच्या दुसऱ्या झोनवरून घेतलेला. त्यांच्यावर पाऊस पडतच नाही. बाहेर धो धो आणि आत सिंगोनियम माना टाकून बसलेली. मावशींनी सकाळी झाडताना दाखवलं.

नवीन कंट्रोलरमध्ये एखाद्या झोनला सेन्सरमधून वगळता येतं, आमच्यात नाही. म्हणून ठिबकची लाइन तोडून नळावर बसणाऱ्या बॅटरीच्या टायमरवर टाकली. छपराखालचं एकही झाड पावसाच्या सेन्सरवर ठेवू नये. हे कामाच्या आराखड्यातच असायला हवं, झाडं सुकल्यावर नव्हे.

२२ ऑगस्ट

ज्याच्यासाठी एवढं केलं तो आठवडा.

श्रावणातली उघडीप. ऊन कडक, आभाळ निळं. पोडियमची मुळं वरच्या सहा इंचांत. तिथे वापरता येईल असं पाणी चार-पाच दिवसांचंच असतं. पहिल्या दोन दिवसांत चकत्या वाळल्या, तिसऱ्या पहाटे पेटीने आपणहून पाळी दिली, कोणाला न विचारता. आज लॉन एकसारखं हिरवं आहे. दरवर्षी याच सुमारास पिवळे पट्टे दिसायचे, आणि मग सप्टेंबरभर युरिया टाकून ते झाकायचा प्रयत्न व्हायचा.

पावसाचा सेन्सर पाणी बंद करतो असं सगळे समजतात. आमच्याकडे त्याचं मोठं काम उलटं निघालं: तो आहे म्हणून पेटी पावसाळाभर चालू ठेवण्याची हिंमत झाली. जुलैच्या झडीत पेटी बंद करायला माणूस पुरेसा असतो. वळवाची संध्याकाळ, श्रावणातली उघडीप, परतीचा पाऊस, या कडेच्या दिवसांत माणसाचं लक्ष नसतं. पाणी वाया जातं किंवा कमी पडतं ते याच दिवसांत.

३ सप्टेंबर

काकांच्या आठवड्याच्या तपासणीत दांडा जड लागला. टोपी काढली तर कुंभारमाशीने भोकांत मातीचं घर बांधलेलं. पाणीही आत जाईना. मऊ ब्रशने, साध्या पाण्याने साफ केलं; साबण वापरला नाही, चकत्यांना लागेल. भोकं वाऱ्याकडे तोंड करून राहतील अशी टोपी फिरवून बसवली.

४ ऑक्टोबर

हस्ताचा पाऊस. दोन तासांत ३१ मि.मी., दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. सेन्सरने दोन पहाटा अडवल्या. ऑक्टोबर हीटमध्ये तिसऱ्या दिवसापासून पाणी हवंच होतं, ते मिळालं.

पावसाळी वेळा काढून पुन्हा पूर्ण वेळा लावल्या.

२५ ऑक्टोबर

परवाच्या सरीनंतर पहाटे फवारे चालू दिसले. सेन्सर ठीक, चकत्या फुगलेल्या, पर्जन्यमापकात ११ मि.मी. शोध घेतल्यावर बायपास स्विच "बायपास"वर सापडला; खत टाकायला आलेल्या माणसाने फिरवला आणि तसाच ठेवून गेला. दोष त्याला देण्यात अर्थ नाही. स्विच काढून त्या जागी दोन तासांनी आपोआप परत येणारा फिरता टायमर स्विच बसवला. बायपास विसरता येणारच नाही अशी व्यवस्था, बस्स.

एसटीपीच्या बाजूने आज नवा प्रश्न आला. लॉनने पाणी घेतलं नाही त्या दिवसांत प्रक्रिया केलेलं पाणी टाकीतून ओसंडून ड्रेनेजला जातं. ऑपरेटरचं म्हणणं रास्त आहे: उन्हाळ्यात वाचलेलं पाणी फ्लशिंगला लागतं, तिथे ती खरी बचत, पावसाळ्यात ते साठवायला जागाच नाही. तरीही ओल्या लॉनवर ओतणं हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्याची किंमत पोडियमचा स्लॅब मोजतो.

पुढच्या बैठकीत मांडायचं: पार्किंग धुण्यासाठी आणि डक्टमधल्या झाडांसाठी त्या टाकीवरून एक वेगळा नळ. पोडियम आणि खालच्या लॉनसाठी दोन स्वतंत्र सेन्सर, म्हणजे खालची पातळी १२ मि.मी. करता येईल, कारण तिथली खोल माती जास्त पाऊस धरून ठेवते. आणि चकत्यांचा एक जादा संच आणून ठेवायचा. उन्हाने त्या काही वर्षांत मंदावतात, पर्जन्यमापकाशी मेळ बसेनासा झाला की बदलायच्या. तपासणीची वही काकांकडेच राहील.